बारीक जाळी

बाबांना स्ट्रोक आला तेव्हा त्यांना आमच्याकडे नॉटिंगहॅमला येऊन दोन वर्षं झाली होती. उजवा हात गेला, बोलणं गेलं. बोलणं हळूहळू थोडंफार परत आलं. गिळणं मात्र बिघडलं ते बिघडलंच. घास चुकीच्या वाटेने जायचा, त्यातून छातीत इन्फेक्शन झालं आणि पुन्हा ॲडमिट करावं लागलं. घरी सोडताना स्पीच थेरपिस्टने मला बजावलं. गिळण्याचंही तीच बघते. सगळं जेवण वाटून, गाळून द्यायचं, एकही कण राहता कामा नये. गुरुवारी ती घरी येऊन त्यांचं खाणं बघणार होती. ठसका लागत राहिला तर पोटात नळी घालावी लागेल, असं ती अगदी शांतपणे म्हणाली. बाबा समोरच बसले होते. त्यांनी तीनदा मान हलवून नाही म्हटलं.

हातात तीन दिवस होते आणि घरात पुरणयंत्र होतं. त्याचा मला केवढा अभिमान! शिजलेली तूरडाळ त्यातून काढली आणि दोन बोटांत चोळून पाहिली, तर रवाळ. आपण पुरणाला मऊ म्हणतो, ते मऊ बाबांच्या घशाला चालणार नव्हतं.

मी तशीच दुकानात गेले. भिंतीवर चाळण्या टांगलेल्या. एक मोठ्या भोकांची, तिच्यातून अख्खी डाळ निसटली असती. एक प्लास्टिकची, दाबली की वाकणारी. दोन स्टीलच्या जाळीच्या. मी एकेक दिव्याकडे धरून बघत होते.

"पास्ता गाळायला हवीय का?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"वडिलांना गिळता यावं म्हणून हवीय," मी म्हटलं, आणि ते इतकं तुसडं निघालं की ती बिचारी मागे सरली. सॉरी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. सगळ्यांत बारीक जाळी उचलली, तिची मूठ पक्की आहे का ते ओढून पाहिलं आणि घरी आले.

चमच्याच्या पाठीने वरण जाळीवर दाबत दोनदा गाळलं. मनगट भरून आलं, पण खाली साचलं ते सायीसारखं होतं. बाबांनी एक चमचा गिळला. ठसका नाही. मग तोंड वाकडं करून म्हणाले, "फोडणी."

स्ट्रोकनंतर इतका स्पष्ट शब्द पहिल्यांदाच ऐकला. मी इतकी हरखले की लगेच कढलं चढवलं. तेल, मोहरी, जिरं, हिंग. चुरचुरीत फोडणी वरणावर ओतली. आधी वरण, मग वरून फोडणी, हाताला हेच वळण. गाळायचं काम माझ्या मते उरकलं होतं.

पहिल्याच चमच्याला बाबांचा श्वास अडकला. चेहरा लाल झाला, मग काळवंडला. मी त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारत राहिले. शेवटी मोहरीचा एक दाणा टॉवेलवर पडला आणि श्वास आला. नंतर दोन दिवस मी सारखा त्यांचा ताप बघत होते. ताप आला नाही. पण माझ्या हातचं काहीही समोर आलं की ते ओठ घट्ट मिटायचे. हॉस्पिटलने दिलेलं दाट पेय तेवढं घ्यायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि मग स्वतःची लाज वाटायची.

गुरुवारी मी फोडणीही जाळीतून गाळली, नुसतं वासाचं तेल वरणात घातलं आणि पुन्हा सगळं गाळून घेतलं. थेरपिस्ट वही घेऊन समोर बसली. मी चमचा पुढे केला. ओठ मिटलेले.

"बाबा, घ्या ना. दोन वेळा गाळलंय."

त्यांनी डाव्या हाताने माझ्याकडून चमचा काढून घेतला. मान खाली घालून ते बशीतलं वरण पसरत गेले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अगदी सावकाश. वाढलं ते न बघता खाणारा हा माणूस. सगळं पाहून झाल्यावर त्यांनी चमचा परत माझ्या हातात दिला आणि तोंड उघडलं.

आठ चमचे गेले. ठसका नाही.

"सध्या नळीची गरज वाटत नाही," थेरपिस्ट लिहिता लिहिता म्हणाली.

बाबांनी ते ऐकलं. मग चमच्यासाठी पुन्हा हात पुढे केला आणि नवव्या घासाआधी उरलेलं वरण परत एकदा तपासलं.