अंगठा दाखवला होता, दिला नव्हता

माझ्या मुलाने जिल्ह्यातल्या सगळ्या व्यापाऱ्यांपुढे माझ्या वतीने माफी मागितली. मला न विचारता. बैल पडेल भावात गेला त्याची नव्हे, बापाला फोन कळत नाही त्याची.

मी जनावरांचा व्यापारी. धंदा मला बापाकडून मिळाला नाही. जिंतूरच्या बाजारात उभं राहून, शिव्या खाऊन शिकलो. आमचा सौदा दस्तीखाली होतो. दस्ती म्हणजे खांद्यावरचा रुमाल. त्याखाली घेणारा-देणारा एकमेकांची बोटं धरतात, बोटांवरून आकडा कळतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही. समोरच्याच्या तळव्याला घाम सुटला की मी ओळखतो, याला जनावर हवंच आहे. मग मी इंचभर उतरत नाही. पण एकदा जबान दिली की संपलं. नंतर कुणी दुप्पट देतो म्हणालं तरी मी जनावर फिरवलेलं नाही. लोक माझ्याकडे येतात ते त्यासाठी.

मुलाला हे सगळं जुनाट वाटतं. त्याने फोनवर व्यापाऱ्यांचा ग्रुप काढला. "आप्पा, आता बाजार आपल्या ओट्यावर येतो. कशाला उन्हात उभं ऱ्हाता?" मलाही त्याने त्यात घातलं. मग आमच्या दावणीला वाढलेल्या लालकंधारी बैलाचा फोटो टाकला. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, शेजारी कासरा धरून मी. मालक म्हणून माझा नंबर.

दुपारी वालूरच्या एका तरण्या व्यापाऱ्याने भाव लिहिला. मला हसू आलं आणि संतापही. त्या भावात मी वासरू दिलं नसतं. फोनवर अंगठ्याचं चित्र असतं, ते मला माहीत होतं. आपल्याकडे कुणाला अंगठा दाखवला की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. काही मिळणार नाही, चालू लाग. मी त्याला अंगठा दाखवला.

थोड्या वेळाने मुलगा गोठ्यातून धावत आला.

"आप्पा, बैल देऊन टाकला का? तेबी एवढ्यात?"

"कुणी दिला?"

"तुमी अंगठा दिला की! अंगठा म्हंजी मंजूर. त्यानं टेम्पो ठरवला, सगळे अभिनंदन करायलेत."

"मी दाखवला रे. दिला न्हाई."

तो हसला. मला अजून ते हसू दिसतं. "मग काय झालं? पुसून टाका. चुकून दाबलं म्हणा. रोज लोक म्हणतात."

"जबान पुसता येते का?"

"कुठली जबान, आप्पा? तुमी बोललेच न्हाई."

यावर मी त्याला शिव्या दिल्या. तो म्हणत होता ते खरंच होतं. मी बोललो नव्हतो. पण टेम्पो निघाला होता आणि बाजारातल्या सगळ्यांनी माझ्या नावापुढचा होकार पाहिला होता. नाही म्हणालो असतो तर मी फिरलो असं झालं असतं. मी बैल द्यायचं ठरवलं.

वालूरवाला आला. माझ्या मुलापेक्षाही लहान. बैलाचे दात पाहिले नाहीत, चालवून पाहिला नाही. फोन काढून फोटो आणि बैल ताडून पाहिला. मी घुंगरमाळ सोडायला लागलो तसा तो म्हणाला, "काका, माळ ऱ्हाऊ द्या. फोटोत हाय."

"फोटोत मीबी हाय. मलाबी नेतो का टेम्पोत?"

टेम्पोवाला हसला. पण माझा मुलगा हसला नाही. मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, "द्या ना आप्पा माळ. ग्रुपमध्ये नाव खराब होईल."

म्हणजे नाव कशाला म्हणतात हे त्याला कळत होतं. मघाशी माझा होकार पुसायला निघालेला पोरगा आता माळेवरून घाबरत होता, कारण ती फोटोत होती. मी माळ दिली नाही. सौदा बैलाचा होता. बैल गेला.

माळ राहिली म्हणून मुलाने ग्रुपमध्ये लिहिलं, "वडिलांना मोबाइल नीट वापरता येत नाही, त्यामुळे गैरसमज झाला. सर्वांनी समजून घ्यावे." खाली हात जोडलेले. त्याच्या मते त्याने मला वाचवलं. मी नुकसान सोसून शब्द राखला होता. त्याने एका ओळीत माझ्या त्या शब्दाला म्हाताऱ्याची चूक ठरवलं. मी त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा, तुमी उगं मनाला लावून घेता. लोक विसरतात."

लोक विसरत नाहीत. पुढच्या बाजाराला मी एक गोऱ्हा घेऊन जिंतूरला गेलो. गिऱ्हाईक जुनं, पिंगळीकडचं. माझ्याकडून घेतलेली त्याची बैलजोडी आता म्हातारी झाली होती. भाव ठरला, दोघंही खूश. मी कासरा पुढे केला तर त्याने हात मागे घेतला.

"आप्पा, राग मानू नका," तो म्हणाला, "पोराला एकदा फोन लावून घेता का? म्हंजी मागून लफडं नको."

मी गोऱ्हा घरी आणला. दारात मुलाने विचारलं, "भाव न्हाई आला?"

"भाव आला," मी म्हणालो. "तुझी परवानगी पाहिजे म्हणतात."