टाइपबाईंच्या उडालेल्या ओळी

टाइपबाई टाइप करताना कधी पडद्याकडे पाहायच्या नाहीत. कागद डाव्या हाताला, नजर कागदावर आणि बोटं आपापल्या कामाला. मधेच मान वर करून काय उमटलं ते बघणं हा त्यांना स्वतःचाच अपमान वाटायचा. "आपल्या बोटायवर भरोसा नसन तं मानसानं टायपिंग कायले शिकाव?" असं त्या विचारायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, कारण मी एका बोटाने टाइप करणारा. माझं बोट आणि माझं अक्षर, दोन्हींबद्दल त्यांचं मत सारखंच वाईट होतं.

कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेला, बोंडअळी चढलेली आणि जिल्ह्याचं नाव सारखं बातम्यांत. साहजिकच त्या वर्षांत आमच्याकडे कापसापेक्षा संस्थांचंच पीक जोरात आलं. अशाच एका संस्थेत मी फिरतीवर होतो. मुख्य ऑफिस पुण्याला, आमचं ऑफिस दिग्रसला, जिनिंगच्या रस्त्यावर एका आडत्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. मी झरी जामणीकडची गावं फिरायचो, लोक काय बोलले ते बसमध्ये गुडघ्यावर वही ठेवून खरडायचो आणि ते खरडलेलं बाईंसमोर टाकायचो. बाई ते वाचायच्या, "हे अक्षर हाय का मुंगळे चालून राह्यले?" म्हणायच्या आणि दुपारपर्यंत त्याचा असा अहवाल करायच्या की मलाच वाटायचं, आपण बरंच काही काम करतो.

बाईंचे वडील जिनिंगमध्ये रुईचे गठ्ठे बांधायचे. घरात खायला कमी असलं तरी चालेल, पण पोरगी टायपिंगच्या क्लासला जाणार, असा त्यांचा हट्ट. बाईंची निम्मी नोकरी एका वकिलाकडे गेली. त्या काळच्या मशीनवर अर्जाचे चार कागद कार्बन लावून चढवायचे, आणि एक अक्षर चुकलं की चारही कागद गेले. "तिथं खाडाखोड चालतच नोती, भाऊ. एकदा हानलं का हानलं," असं त्या सांगायच्या. त्यांची बोटं खरंच हाणायची. खालच्या आडत्याला वर बाई आल्या की नाही ते छतातून कळायचं.

मग पुण्याहून लॅपटॉप आले. सगळ्यांना सारखे, सगळ्यांवर संस्थेचा स्टिकर. बाईंनी लॅपटॉप पुसला, हात धुतले, पदराला कोरडे केले आणि जुन्या सवयीने दोन्ही तळहात बटणांच्या खाली टेकवून बसल्या. तिथंच ती गुळगुळीत चौकोनी पट्टी होती, जिला टचपॅड म्हणतात. तळहाताचा जरा स्पर्श झाला की कर्सर एका ओळीतून उडून भलत्याच ओळीत जाऊन बसायचा. बाईंची नजर कागदावर. त्या वाक्य पूर्ण करायच्या ते दुसऱ्याच परिच्छेदाच्या पोटात.

पहिला अहवाल पुण्याला गेला आणि तिथून फोन आला. मी अहवाल उघडून वाचला. "सरपंचांनी कपाशीची बोंडे आतून पोखरून फस्त केली असून, गुलाबी बोंडअळीने ग्रामसभेला उपस्थित राहून संस्थेचे आभार मानले." मी हसत सुटलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी वही घेतली, मूळ मजकूर पाहिला, पडद्यावरचा पाहिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे म्या नाही लिवलं."

पुण्याचं मत वेगळं होतं. तिथून पत्र आलं की, दिग्रस केंद्रातील टंकलेखनात गंभीर चुका आढळत असून संबंधित कर्मचाऱ्याने काळजी घ्यावी. ऑफिसात टंकलेखन करणारं माणूस एकच, तरी संबंधित कर्मचारी! बाईंनी पत्र चार वेळा वाचलं. त्या दिवशी डबा उघडला नाही. मी म्हटलं, जाऊ द्या बाई, पुण्याच्या पत्राला कोण विचारतं. त्या म्हणाल्या, "तुमाले कोनी चुकीचं म्हनलं तं तुमाले काई होत नाही, भाऊ, तुमाले सवय हाय. मले आजपावतर कोनी म्हनलं नोतं."

ती पट्टी बंद करणं म्हणजे काही मोठं काम नव्हतं. बाईंकडे माउस होता, पट्टीची गरज शून्य. सेटिंगमध्ये बंद-चालूचं बटण होतं, पण ते राखाडी रंगाचं. त्यावर बोट ठेवलं की लिहून यायचं, ही सोय तुमच्या संस्थेच्या नियंत्रणात आहे. मी पट्टीवर एका लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा चिकटवून दिला. पत्रिकेतल्या वधूवरांच्या कृपेने महिनाभर कर्सर जागेवर बसला. मग पुण्याहून तपासणीला माणूस आला, त्याने पुठ्ठा पाहिला, संस्थेच्या मालमत्तेशी छेडछाड असं लिहिलं आणि पुठ्ठा उखडून सोबत घेऊन गेला. जे काय असेल ते रीतसर हेल्पडेस्कला सांगा, म्हणाला.

हेल्पडेस्क म्हणजे पुण्यातला एक फोन. तिथला पोरगा गोड बोलायचा. तक्रार केली की तो म्हणायचा, तुमचं तिकीट काढलंय. दोन दिवसांनी मेल यायचा, तुमचं तिकीट बंद केलंय. मधे काय झालं ते कोणालाच ठाऊक नसायचं. "मायबाई, गाडी निंगालीच नाही अन् तिकीट कसं खपलं?" बाई विचारायच्या. दर वेळी पोरगा सांगायचा, मॅडम, बंद करून चालू करा. बाई निमूट बंद करायच्या, चालू करायच्या आणि कर्सर परत उडायचा.

एक दिवस बाईंचा संयम सुटला. त्यांनी फोन लावला. "जय भीम. दिग्रसहून बोलते. साहेब, हा लॅपटॉप माह्या ओळी चोरून राह्यला."

"लॅपटॉप चोरीला गेला, मॅडम?"

"चोरीले नाही गेला, बाबा! लॅपटॉपच चोरून राह्यला. सकायपासून चोरून राह्यला."

"म्हणजे सकाळी चोरलाय. आत्ता तो कुठे आहे, काही कल्पना?"

"कुठी म्हंजे? माह्या पुढंच तं हाय!"

'करून राह्यला' म्हणजे 'करतो आहे' हे त्या बिचाऱ्या पोराला कोणी शिकवलं नव्हतं. त्याला फक्त 'चोरून' तेवढं कळलं आणि त्यावर त्याच्याकडे लेखी नियम होता. काळजी करू नका मॅडम, आम्ही लगेच कारवाई करतो, म्हणाला. बाई खूश झाल्या. "पाहा, जरा जोरात बोललं का ऐकतेत." त्यांचं वाक्य संपलं तोच पडदा काळा झाला आणि वर अक्षरं आली की, हे यंत्र चोरीचे असून कायमचे कुलूपबंद केले आहे, ज्यांच्या हाती असेल त्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावे.

इतक्या वर्षांत पुण्याने आमचं एवढं तातडीने काहीच ऐकलं नव्हतं. आता कुलूप उघडायचं तर पोलिसांचा कागद लागेल, असं पोरगा म्हणाला. आम्ही दोघं ठाण्यात गेलो. बाईंनी लॅपटॉप ओल्या बाळंतिणीच्या लेकरासारखा छातीशी धरलेला. हवालदाराने विचारलं, काय चोरीला गेलं? मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. चोर कोण? बाईंनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. हवालदाराने पेन खाली ठेवलं, आम्हा दोघांना चहा पाजला आणि म्हणाला, "बाई, तुमी घरी जा. ऊन लय हाय."

कागद मिळाला नाही. कुलूप उघडायला पुण्याला पुष्कळ दिवस लागले. तोवर बाईंनी घरून आपलं जुनं टाइपचं मशीन आणलं आणि सगळे अहवाल त्यावर टाइप केले. मी ते यवतमाळला नेऊन स्कॅन करून पाठवायचो. त्यात एक काना इकडचा तिकडे नव्हता. मला वाटलं, आता तरी पुण्याला उमजेल. पुण्याने लिहिलं की, केंद्राच्या कामात समाधानकारक सुधारणा दिसते. मग लॅपटॉप उघडला, बाई त्यावर बसल्या आणि पुढच्याच अहवालात महिला बचत गटावर फवारणी झाली.

या खेपेला पत्रात बाईंचं नाव होतं. त्यांनी मूलभूत संगणक प्रशिक्षण पूर्ण करावं, अन्यथा पुढील वर्षीच्या नेमणुकीबाबत विचार करावा लागेल. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली आणि या वयात नेमणुकीचा विचार! मला इतका राग आला की मी उत्तर लिहायला बसलो. बाईंनी मला थांबवलं. "तुमच्या अक्षरात गेलं तं माही राहिलेली नोकरीई जाईन." त्या यवतमाळला गेल्या. तिथं त्यांना माउस कसा धरावा ते शिकवलं. बाई शिकल्या. परत आल्यावर मी विचारलं, कसं काय झालं? "चांगलं होतं. भज्जे बी देल्ले," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल होते.

शेवटी पुण्याचे संचालक साहेब स्वतः केंद्र पाहायला आले. साहेबांना घाईने एक मेल लिहायचा होता आणि त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी संपलेली. ते बाईंच्या खुर्चीत बसले, तळहात टेकवले आणि लिहू लागले. साहेबही पडद्याकडे न पाहता लिहिणाऱ्यांपैकी निघाले, माझ्याशी बोलत बोलत लिहीत होते. मेल कोणा मोठ्या देणगीदाराला होता. तो गेला आणि मग साहेबांनी वाचला. त्यात काय झालं होतं ते मला कधी कळलं नाही, पण साहेबांच्या कपाळावर घाम आला. "हे काय? हा कर्सर असा पळतो का?"

"नेहमीच पयते साहेब," बाई म्हणाल्या. "दोन वर्सं झाले पयून राह्यला."

साहेबांनी पुण्याला फोन लावला. तिकीट वगैरे काही निघालं नाही. चहा यायच्या आत पट्टी बंद झाली. बाईंनी तळहात टेकवले, कागद डावीकडे ठेवला आणि आडत्याचं छत पुन्हा वाजू लागलं. मी म्हटलं, बाई, जिंकलात! आता पुण्याहून माफीचं पत्र येईल, फ्रेम करून लावू.

पत्र आलंच. सर्व केंद्रांना पाठवलेलं होतं. दिग्रस केंद्रातील टंकलेखन आता निर्दोष होत असून, संस्थेच्या प्रशिक्षण कार्यक्रमाचं हे यश आहे. बाईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे दिलं. "पट्टीचं नाव कुठी हाय यात?" पट्टीचं नाव कुठेच नव्हतं. बाईंनी त्यानंतर साहेबांना दोनदा विचारलं. त्यांना पैसे नको होते, सत्कार नको होता. त्या आधीच्या चुका बाईंच्या नव्हत्या, एवढी एक ओळ कुठल्याही कागदावर हवी होती. साहेब म्हणाले, अहो बाई, आता ते जुनं झालं, तुमच्याविषयी आमचं मत उत्तमच आहे. बाई हो म्हणाल्या. पण साहेब गेल्यावर मला म्हणाल्या, "मत नाही पायजे मले. लिवून पायजे."

बाई निवृत्त व्हायच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. सेवेचं प्रमाणपत्र द्यायचंय, मजकूर बाईंनाच टाइप करून पाठवायला सांगा, मी सही करतो. ऑफिसातली सगळ्यांची प्रमाणपत्रं बाईच टाइप करायच्या, तर स्वतःचं दुसऱ्या कोणाकडून करून घेणार? मी खुर्ची ओढून जवळ बसलो. म्हटलं, बाई, साहेब वाचत नाहीत, नुसती सही ठोकतात. घाला ती ओळ. पट्टीचं सगळं घाला. माझ्या नावाने पाहिजे तर दोन शिव्या घाला.

बाईंनी टाइप केलं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली, पुढील आयुष्यास शुभेच्छा. आणि थांबल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना टाइप करता करता मान वर करून पडद्याकडे पाहताना पाहिलं. मग त्यांनी ते तसंच पाठवून दिलं.

"काहून नाही घातली?" मी जवळजवळ ओरडलोच.

"आपल्याच हातानं आपल्याले बिनचूक लिवाव का, भाऊ?" बाई म्हणाल्या. "ते दुसऱ्यानं लिवाव लागते."

त्या लेकीकडे राजूरला राहायला गेल्या. बसमध्ये बसवून देताना मी पाया पडलो, तर म्हणाल्या, "अक्षर सुधरवा." नंतर संस्थेने आमचं ऑफिस बंद केलं, आणि साहेबही आता तिथं नाहीत. आता ती ओळ लिहून देणारा अधिकारी शोधायचा म्हटलं तरी सापडायचा नाही. राहिला तो दुसरा म्हणजे मीच. माझ्याकडे शिक्का नाही, पद नाही, पण मी रोज समोर बसलेलो होतो आणि मी पाहिलंय. म्हणून एका बोटाने, पडद्याकडे बघत, सावकाश लिहितो आहे: त्या चुका बाईंच्या नव्हत्या.