घरात कोण कोण?

पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला लोक नाव विचारतात, गाव विचारतात. दिल्लीतले मराठी लोक तर आधी 'पुण्यात कुठे?' विचारतात आणि मग नाव. जमादारबाई यातलं काहीच विचारायच्या नाहीत. मी बदली होऊन त्यांच्या कक्षात हजर झालो त्या दिवशी त्यांनी माझा कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "घरात कोण कोण?" मी म्हटलं, "आई, बायको आणि मी." "बरं," म्हणाल्या आणि भडंगाचा डबा माझ्यापुढे सरकवला. झाली ओळख.

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. शिपायाला, दूधवाल्याला, नव्या सहसचिवांना, लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरांत नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला. कुणी उलटून त्यांनाच विचारलं तर म्हणायच्या, "मी आणि रेडिओ." त्यांचं पूर्ण नाव रशीदा जमादार. मिरजेच्या. मराठी इतकी नेटकी की माझी पुणेरी आईसुद्धा त्यांच्याशी बोलताना जपून बोलायची, आणि माझी आई कुणाशी जपून बोलणारी नव्हे. त्यांचा क्वार्टर आमच्या मागच्या ओळीत होता, त्यामुळे ऑफिसात बॉस आणि घरी शेजारीण अशा दोन्ही बाजूंनी त्या माझ्या वाट्याला आल्या.

आमचा कक्ष बंदुकीच्या परवान्यांचा. परवाना द्यायचा तो जिल्ह्याने. पण तो आपल्या राज्याबाहेरही चालावा असं ज्यांना वाटे त्यांचे कागद परवाना निघण्याआधी आमच्याकडे येत, आणि आमची शिफारस नसली की जिल्हाही परवाना देत नसे. नियम बदलायचे झाले की त्यांचा कच्चा मसुदाही आमच्याच टेबलांवर तयार होई. एकदा बाईंनी एक फाइल उघडली आणि मला म्हणाल्या, "हे मोठ्यानं वाचा." पोलिसांचा चौकशी अहवाल होता, हिंदीत. अर्जदारास प्रत्यक्ष भेटलो, चालचलन चांगलं, स्वभाव शांत, शेजाऱ्यांची तक्रार नाही. "आता याच्या मागचा कागद वाचा." मागे अर्जदाराच्या मुलाचं पत्र होतं: वडील वारले, परवाना माझ्या नावानं करावा. तारखा पाहिल्या. हवालदारसाहेब म्हाताऱ्याला भेटले ते तो वारल्यावर तीन आठवड्यांनी!

"मेलेला माणूस शांतच असणार की," बाई म्हणाल्या. "शेजाऱ्यांची तरी तक्रार कशाला असेल?"

अख्खा कक्ष हसून हसून बेजार झाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून गठ्ठाभर फाइली काढल्या आणि मला सगळे अहवाल एकापाठोपाठ एक वाचायला लावले. शब्दाला शब्द तोच. सगळे शांत, सगळ्यांचं चालचलन चांगलं. घसा कोरडा पडला तेव्हा मी थांबलो. बाई म्हणाल्या, "कुणाला विचारलं ते एका तरी कागदावर आहे का? बंदूक राहणार घरात. घरातल्यांना कुणी विचारलंय?"

त्यातून ती ओळ जन्माला आली. नियमांच्या मसुद्यात बाईंनी एक वाक्य घातलं: अर्जदाराच्या घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला अर्जदाराच्या गैरहजेरीत विचारावे आणि तिचे म्हणणे स्वतंत्र रकान्यात लिहावे. बस, एवढंच. पण तुम्हाला सांगतो, त्या एका वाक्याने जो गदारोळ झाला तो अख्ख्या कायद्याने झाला नसता. आमचे साहेब, मूळचे लखनौचे, एरवी अगदी मवाळ माणूस. ते मसुदा हातात घेऊन स्वतः आमच्या खोलीत आले. "मॅडम, अब सरकार बीवी से पूछेगी?"

"पासपोर्ट के लिए पड़ोसी से पूछती है, सर," बाई म्हणाल्या. "और बंदूक तो घर में रहेगी."

ते दिवस वेगळेच होते. रोज कुठलं ना कुठलं लायसन रद्द झाल्याची बातमी. परवान्यांचं राज्य संपलं म्हणून लोक पेढे वाटायचे बाकी होते. साहेब म्हणाले, इकडे देश रकाने कमी करतोय आणि तुम्ही वाढवताय! बाई शांतपणे म्हणाल्या, "साबुन का लायसन हटाइए, टीव्ही का हटाइए. यह रहने दीजिए." साहेबांनी ती ओळ खोडली. पुढच्या मसुद्यात बाईंनी परत घातली. परत खोडली. परत घातली. भांडण नाही, आवाज नाही. टाइपिस्ट बिचारा ती ओळ न बघता टाइप करायला शिकला.

लोक कुजबुजायचे की बाईंच्या घरात काहीतरी भयंकर घडलं असणार. कुणी म्हणे भाऊ गेला, कुणी म्हणे नवरा. एकदा मी धीर करून विचारलंच. त्या म्हणाल्या, "काहीतरी घडलेलंच असावं लागतं का? मला वाचता येतं, तेवढं पुरत नाही?"

आता माझी गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

माझी धाकटी बहीण शैला गुडगावला राहायची. नवरा प्रमोद, पुण्याचाच इंजिनिअर. मोटारींच्या कारखान्यात आला आणि दोन वर्षांत नोकरी सोडून नव्या इमारतींची कामं घ्यायला लागला. सातव्या मजल्यावर फ्लॅट, दाराशी गाडी, चार वर्षांची मुलगी. आम्ही सरकारी क्वार्टरवाले त्याच्याकडे गेलो की सोफ्यावर कडेकडेने बसायचो. एके दिवशी म्हणाला, "दादा, रिव्हॉल्वरसाठी अर्ज केलाय. इकडचे बिल्डर लोक, यार, कमरेला काही नसलं की माणूसच समजत नाहीत. दिल्लीतही चालायला हवं. फाइल तुझ्याकडेच येईल ना?" मी म्हटलं, बिल्कुल. मेव्हण्याचं कौतुक होतं हो मला.

फाइल आली. मी ती गठ्ठ्याच्या तळातून काढून बाईंच्या पुढ्यात सगळ्यात वर ठेवली. बाईंनी नाव वाचलं. "तुमचे कोण?" मी सांगितलं. "नातेवाइकाची फाइल हातात कशी घेतलीत?" असं काही झापलं त्यांनी की कान लाल झाले माझे. मग चष्मा कपाळावर गेला. "घरात कोण कोण?"

"बहीण आहे. आणि तिची मुलगी."

"बहिणीला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? तिला कशाला नको असेल?"

"मग जाऊन विचारा. तो घरी नसताना. आणि ती स्वयंपाक करत असताना विचारू नका. बसवून विचारा."

मी असा तापलो होतो म्हणून सांगू! शनिवारी बसमध्ये सबंध वाटभर बाईंना मनातल्या मनात सुनावत होतो. म्हटलं, शैलाच्या तोंडून 'माझी काही हरकत नाही' एवढं ऐकायचं आणि सोमवारी ते बाईंच्या टेबलावर आपटायचं. प्रमोद साइटवर गेला होता. शैलाने पोहे केले. मी तिला समोर बसवलं आणि विचारलं.

ती मुलीच्या फ्रॉकची घडी घालत होती. घातली, मोडली, परत घातली. मग उठली आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली. नव्या कोऱ्या कपाटाच्या दाराला हाताएवढी खोक पडली होती. "इस्त्री," ती म्हणाली. "रागात फेकतात. मला नाही हं दादा. आत्तापर्यंत कपाटालाच."

दर दिवाळीला त्या घरी जेवून यायचो मी. सोफ्याची तारीफ करून यायचो. निघताना तिने माझा हात धरला. "देऊ नकोस रे त्यांना ते. पण माझं नाव पुढे येऊ देऊ नकोस."

सोमवारपर्यंत दम निघाला नाही. रविवारी सकाळीच बाईंच्या दारात गेलो. म्हटलं, आत्ता जातो आणि त्याचं थोबाड फोडतो. "जा," बाई म्हणाल्या. "मग तुम्ही परत इकडे, आणि ती तिकडे." म्हटलं, मग फाइलवर लिहितो सगळं. "लिहाल आणि तो वाचेल." त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. "आज तिचं म्हणणं लिहिलं तर ते तिचं एकटीचं दिसेल. रकाना असता तर सगळ्यांच्याच बायकांनी भरला असता, सगळ्यांच्याच आयांनी. कुणी एकटी पडली नसती. धीट बायका कशाला शोधायच्या? नियम करायचा. तेच तर ओरडतेय मी इतकी वर्षं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच्या अक्षरात फाइलवर लिहिलं: अर्जदाराच्या जिवाला धोका असल्याचा एकही पुरावा जोडलेला नाही, शिफारस करता येत नाही. खाली सही, आणि सहीखाली पूर्ण नाव, ठळक. "यात खोटं काही आहे?" त्यांनी मला विचारलं. नव्हतं.

पंधरा दिवसांत प्रमोद ऑफिसात येऊन थडकला. बाईंच्या टेबलावर हात आपटून ओरडायला लागला. तुम्ही कोण मला नाही म्हणणाऱ्या? तुमच्यासारख्यांना इथे बसवलंच कुणी? बाईंच्या नावावरून, धर्मावरून नको नको ते बोलला. मग माझ्याकडे वळला, "दादा, सांग ना यांना मी कोण आहे ते!" एक शब्द तोंडातून निसटला असता तर त्याची किंमत शैलाने मोजली असती. मी खाली मान घालून बसलो.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "घरात कोण कोण तुमच्या?"

प्रमोद गडबडला. "त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच विचारते मी."

दारातला शिपाई पटकन बोलला, "हां साहब, मॅडम सबसे पूछती हैं." प्रमोद 'चक्रम बाई' म्हणून तणतणत निघून गेला. शैलावर त्याला तीळभर संशय आला नाही. त्या क्षणी मला कळलं की बाई दूधवाल्यालाही तो प्रश्न का विचारायच्या.

पुढल्या थंडीत इस्त्री कपाटाला लागली नाही. शैला मुलीला घेऊन आमच्या क्वार्टरवर आली ती कायमची. तिच्या उजव्या खांद्यावर डाग आहे. मला खांद्यावर डाग असलेली बहीण आहे, पण आहे. हे मी कुणापुढेही छाती ठोकून सांगतो.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा ती ओळ पुन्हा एकदा खोडली गेली होती. निरोपाचे समोसे झाले, हार झाले, साहेबांनी भाषणात त्यांना लोखंडी बाई म्हटलं. सगळे गेल्यावर बाईंनी मसुद्याची प्रत माझ्या हातात दिली. "पुढच्या वेळी तुम्ही घाला."

"खोडतील हो बाई."

"खोडू देत की. खोडायला तरी वाचावी लागते."

मी घालत राहिलो. खोडत राहिले. शैला शाळेत शिकवायला लागली. मिरजेहून बाईंचं दर ईदला पत्र यायचं, त्यात शेवटी हमखास, "ओळीचं काय?" मग एका वर्षी पत्र आलं ते त्यांच्या पुतण्याचं. आत्या गेल्या, फार त्रास झाला नाही. मी ते घरी वाचून दाखवलं. शैला उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

त्याच महिन्यात मसुदा पुन्हा निघाला. नवे साहेब तरुण होते, खोडण्याआधी त्यांनी मला बोलावून विचारलं, "कोई एक औरत बताइए जो इस कॉलम में सच लिखेगी." बघून सांगतो म्हणालो आणि बाहेर आलो. घरी जेवताना फक्त एवढं सांगितलं की असं असं विचारत होते.

शैलाने ताट बाजूला सारलं आणि मुलीची वही ओढून घेतली. शिक्षिकेचं अक्षर, गोल आणि स्वच्छ. कपाट, इस्त्री, खांदा, सगळं एका पानात मांडलं. खाली पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि पान फाडून माझ्या हातात दिलं.

"शैला, फाइलला लागेल हे. दहा लोक वाचतील."

"लागू दे," ती म्हणाली. "आता माझं नाव पुढे येऊ दे."