हैदराबाद-शिर्डी, सकाळची फेरी

विमान दहा हजार फुटांच्या खाली असलं, की कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्दही बोलायचा नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. म्हणजे चढताना गप्प, उतरताना गप्प. आता एवढ्याशा खोलीत दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, त्यातला एक सोनईचा, म्हणजे मी, आणि बोलायचं नाही! मग किस्से तुंबतात. विमान उभं राहिलं, इंजिनं बंद झाली, की कॅनॉलला पाणी सुटल्यासारखे बाहेर पडतात.

गेली आठ वर्षं मी हैदराबादहून छोटं, पंख्याचं विमान उडवतोय. त्यातली सकाळची शिर्डीची फेरी माझी लाडकी. आपल्या जिल्ह्यात उतरायचं, आपली भाषा ऐकायची, आणि तासाभरात परत निघायचं. एवढ्या वेळातही काही ना काही घडतंच!

* * *

आमचा दिवस फुंकण्यानं सुरू होतो. उड्डाणाआधी डॉक्टरसमोर मशीनमध्ये फुंकायचं. दारू प्यायलेली नाही हे सिद्ध झालं, की मगच पुढे.

राहुरीजवळच्या एका गावात मी मुलगी बघायला गेलो होतो. मुलीच्या वडलांनी विचारलं, "पायलटची ड्यूटी कशी असती ओ?" मी हौसेनं अगदी पहिल्यापासून सांगायला लागलो. "पहाटे उठतो, एअरपोर्टला जातो, मशीनमध्ये फुंकतो..."

"फुंकता? कशापायी?"

"दारू प्यायलीय का ते बघतात."

"रोज?"

"रोज."

पोह्यांच्या बशा जागच्या जागी थांबल्या. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, उगाचच खोकले. मुलीचे वडील हळूच म्हणाले, "रोज तपासत्यात म्हंजी... काहीतरी असंल की!"

संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात आतल्या दारातून मुलीच्या मावशीचा आवाज आला. "अवो दाजी, आमच्या ह्यांना आजवर कुनी तपासलं न्हाई, तर त्यांनी काय दिवे लावले? हा रोज तपासून मिळतोय. द्या पोरगी!"

मावशीचे यजमान पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले, ते चहालाही परत आले नाहीत. लग्न मात्र महिनाभरात झालं!

* * *

आमच्या विमानातल्या एअर होस्टेसची इन्चार्ज सरोज गायकवाड. नगरचीच, घरात सगळे शिक्षक. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

हा किस्सा तिनंच सांगितलेला. एकदा शिर्डीहून निघताना शिंगणापूरचे एक आजोबा चढले. मुलगा हैदराबादला नोकरीला, त्याच्याकडे निघाले होते. पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी. जागेवर बसायच्या आधी त्यांनी विमानाची नीट पाहणी केली. आम्ही कॉकपिटचं दार लावून घेतलं, कडी बसल्याचा आवाज झाला, आणि आजोबा उभेच राहिले.

"काय गं पोरी, आतून कडी लावली का त्यांनी?"

"हो बाबा, नियम आहे तसा."

"आमच्या गावात घराला दार न्हाई," आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आन् हे एवढी मान्सं घिऊन निघालेत, तरी कडी लावून बसत्यात? एवढं भ्या कुनाचं?"

सरोज शांतपणे त्यांची पिशवी वर ठेवत म्हणाली, "भ्या न्हाई ओ बाबा. ते मधीच उठून बाहेर येऊ नयेत, म्हणून कडी हाय!"

आजोबांना पटलं. "मग बराबर हाय," म्हणाले आणि बसले.

* * *

मी को-पायलट होतो तेव्हा बहुतेक वेळा मेनन सर माझे कॅप्टन असायचे. केरळचे, केस पांढरे, आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा. शिर्डीला उतरताना मराठीत अनाउन्समेंट करायची असा त्यांनी हट्टच धरला. रोज एक वाक्य माझ्याकडून शिकायचे, वहीत मल्याळम अक्षरांत लिहून घ्यायचे.

एके दिवशी उतरायला आलो आणि ऐन वेळी वाऱ्यानं दिशा बदलली. अशा वेळी हट्ट करायचा नसतो. विमान पुन्हा वर घ्यायचं, एक वळसा मारायचा आणि दुसऱ्यांदा यायचं. आमच्यासाठी ही रोजची गोष्ट. पण मागे बसलेल्यांचं तसं नसतं. जमीन हाताशी आलेली असते आणि अचानक इंजिनं गर्जायला लागतात!

विमान वर जाऊन स्थिर झाल्यावर मी रेडिओवर होतो, म्हणून मेनन सरांनी स्वतःच माईक घेतला. वहीत हे वाक्य नव्हतं. त्यांनी जुळवलं.

"नमस्कार. मी कॅप्टन बोलतोय. घाबरू नका. आपण सगळे आता वर जाणार आहोत."

चौथ्या रांगेतल्या एका म्हातारबाई कडाडल्या, "तुमी व्हा पुढं! मला अजून साईबाबांचं दर्शन घ्यायचंय!"

दहा मिनिटांनी आम्ही व्यवस्थित उतरलो. बाई जिन्यावरून उतरताना मेनन सरांच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. "ह्यांनी एवढ्या प्रेमानं हात का फिरवला?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं नाही.

* * *

आणखी एक नियम. दोन्ही पायलटांनी एकच जेवण घ्यायचं नाही. एकाला बाधलं तर दुसरा ठणठणीत हवा.

सुट्टी संपवून मी सोनईहून निघून शिर्डीलाच ड्यूटीवर चढणार असलो, की आई माझ्यासोबत डबा द्यायची. बाजरीच्या भाकरी आणि ठेचा. एकदा मेनन सरांना त्या वासानं राहवेना. पण नियमाचा माणूस! "आपण दोघं एकच पदार्थ खाऊ शकत नाही," ते खिन्नपणे म्हणाले.

सरोजनं डबा हातात घेतला, क्षणभर विचार केला आणि निकाल दिला. "तुम्ही भाकरी खा," ती मला म्हणाली, "आणि सर, तुम्ही ही चटणी खा."

मी तोंड उघडायच्या आत सरांनी मोठा चमचाभर ठेचा तोंडात टाकला होता. आमच्याकडेही हिरवी चटणी अशीच असते, असं काहीतरी ते म्हणायला निघाले होते. वाक्य पुरं झालं नाही.

त्या दिवशी मेनन सर दहा हजार फुटांच्या वर गेल्यावरही बोलले नाहीत!

* * *

अण्णांनी जन्मभर शेती केली. "जमीन सोडून मी कुठं जात न्हाई," म्हणत त्यांनी विमानात बसायचं पाच वर्षं टाळलं. शेवटी एकदा माझ्या बायकोनं त्यांना पटवलं आणि ते माझ्याच विमानातून हैदराबादला आले. खिडकीची जागा. सरोज सांगत होती, पूर्ण प्रवासात त्यांनी काचेवरचं नाक काढलं नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही.

उतरल्यावर मी धावत मागे गेलो. मला वाटलं होतं, डोळे भरून आले असतील, पोराचं विमान म्हणून.

"कसं वाटलं अण्णा?"

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "सोपान्यानं बांध कोरलाय."

"काय?"

"वरून लख्ख दिसतंय. विहिरीपासनं वाकडा घेतलाय त्यानं."

सोपानकाका म्हणजे त्यांचे चुलतभाऊ, आमच्या शेजारच्या रानाचे मालक. मी म्हणालो, "अण्णा, पंधरा हजार फुटांवरून बांध कसा दिसेल?"

"तुला न्हाई दिसायचा. तू कुठं शेती करतोस?"

गावी परतल्यावर अण्णांनी हे सोपानकाकांना तोंडावर सांगितलं. काका भडकतील असं वाटलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि मला फोन लावला. "पुतन्या, मला बी बसव एकदा. मला बी खिडकीच पायजे!"

* * *

पायलटचं पोट डॉक्टरच्या सहीवर चालतं. दरवर्षी मेडिकल. तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या आलेखात एक रेघ जरा वेगळी आली. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने उडायचं नाही. मग पुन्हा तपासू." पुढे सगळं ठीक निघालं, आजही मी उडवतोय. पण त्या दिवशी हे कुणाला माहीत होतं?

मी सोनईला येऊन पडलो. युनिफॉर्म कपाटात टांगला. "सुट्टी का?" असं कुणी विचारलं की "हो" म्हणायचो आणि रस्ता बदलायचो. विमान उडवण्याशिवाय मला दुसरं काय येत होतं? रोज साडेदहाच्या सुमाराला शिर्डीला उतरणारं आमचंच विमान घरावरून जायचं. तो आवाज लांबून आला, की मी आत जाऊन टीव्ही मोठा करायचो.

एक दिवस लाईट गेलेली. आवाज आला. मी उशी कानावर घेतली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई धावत निघाली आणि धाडधाड जिना चढून गच्चीवर गेली. काय झालं म्हणून मीही मागोमाग पळालो.

आई गच्चीच्या मधोमध उभी होती. पिठानं भरलेला हात उंच करून विमानाच्या दिशेनं हलवत होती. मला बघून अजिबात दचकली नाही. मग कळलं, मी उडायला लागल्यापासून ती रोजच हे करतेय. मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"अगं आई," मी म्हणालो, "हात कुणाला करतेस? मी तर इथं आहे!"

विमान शिर्डीच्या बाजूला पार बारीक होईपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही. मग पदराला पीठ पुसत म्हणाली,

"तू हितं हायेस ते दिसतंय मला. पन तीन महिनं खाडा पडला, तर सवय मोडंल. तू परत गेल्यावर मग ध्यानात कसं ऱ्हाईल?"