बिघडवलेला अंगठा

माहा उजवा अंगठा चांगला हाये. आमच्या तलमडुगू गावात मात्र तो कामातून गेला असं सगळ्याइले माहीत हाये, कारण ती खबर मीच पसरवली.

झालं असं. आमचे हे गेल्यावर दोन एकर रान माह्या नावावर आलं, आन् त्यावरचे सरकारचे शेतीचे पैसे बी. पैसे सुरू राहायले पायजे, तर दर साली सेंटरवर जाऊन मशीनवर अंगठा लावा लागते. नाई उमटला, तर फोनवर आकडे येतात, ते सांगा लागते. फोन नंबर दिला होता पोराचा. प्रशांत हैदराबादले नोकरीवर.

पयल्या साली वांगे तोडून तोडून अंगठा घासला होता, खरंच उमटला नाई. प्रशांतनं फोन करून आकडे सांगितले. वरून विचारलं, "जेवली काय? गुडघा कसा हाये?" पाव घंटा बोलला! नाई तर सणाले दोन मिनिटं, आन् त्यातलं एक "आवाज येते काय" मधीच जाते. (एरवी घरात मी भिंतीवरच्या पालीशी बोलते. ती गुडघ्याचं इचारत नाई.)

मंग म्या ठरवलं, अंगठा काई सुधरू द्यायचा नाई.

दुसऱ्या खेपेले घरून निघताना बाभळीचा डिंक भिजवून अंगठ्याले चोपडला. सेंटरवरची लावण्या भल्ली गुणाची पोरगी. म्हनते, "अम्मा, जोरात दाबा." दाबला. लाल दिवा लागला. मी मनातल्या मनात खुश.

"आता काढा."

काढायले गेली, तर मशीनच संगं आली. वायर ताणली, टेबलावरचे कागद खाली, लावण्या मशीन ओढते आन् मी अंगठा. रांगेतून कोनीतरी म्हनलं, "मावशी, सरकार सोडून नाई राह्यलं तुमाले!"

"अम्मा, हे काय लावलं?"

"भेंडी चिरली होती."

"अशी कोनती भेंडी हो अम्मा?"

लोटाभर पानी ओतलं तवा सुटला. लावण्यानं प्रशांतले फोन लावला. आकडे त्यानं तिलेच सांगितले. मी बोलायले हात पुढं करून उभी, तिनं फोन ठेवून देल्ला. "झालं अम्मा, जा घरी," म्हनते.

संध्याकाळी मात्र प्रशांतचा फोन आला. मी खाटेवर नीट बसून घेतलं, आता पाव घंटा कुठं जात नाई म्हणून.

"आई, अंगठ्यापायी किती तरास होते तुले. काऊन सांगितलं नाई? म्या तुहाच नंबर टाकून देल्ला. आता आकडे सीधे तुह्याच फोनवर येतीन. मले इचारायची गरजच नाई."

"बरं केलं रे बाबा."

"मीटिंग हाये, ठेवतो."

औंदा सेंटरवर गेली, तर लावण्यानं मशीन पुढं केलीच नाई. आकडे माह्याच फोनवर आले, मीच वाचले, मीच सांगितले. लावण्या म्हनते, "पाहा अम्मा, आता कोनाची गरज नाई." माह्या डोळ्यात पानी आलं. रांगेले वाटलं, पैशाच्या आनंदानं रडून राह्यली बाई.

एवढा खटाटोप कशापायी? "फोन करत जा रे, एकटीले करमत नाई," एवढंच म्हनायचं होतं. त्याले अंगठा नाई लागत, तोंड लागते. आन् माहं तोंड अख्ख्या तलमडुगूत चालते, एका पोराजवळच उघडत नाई!