तू बस, मी आलीच

आदिलाबाद स्टेशनवर मला सोडायला दोनच माणसं आली होती. एक माझी माय आणि दुसरी माझी पोरगी श्रावणी, वय सात. चार वर्षांपूर्वी याच फलाटावरून श्रावणीचा बाप मस्कतला कामाला निघाला, तेव्हा तळमडुगूकडच्या आमच्या गावातून दोन गाड्या भरून लोक आले होते. हार होते, पेढे होते, कोणीतरी फोनवर गाणं लावलं होतं. मी इंग्लंडला शिकायला निघाले, तर त्या दिवशी गावाला शेतात एकाएकी फार काम निघालं.

शेजारच्या गंगूकाकू मात्र सकाळी आमच्या अंगणापर्यंत आल्या होत्या. निरोप द्यायला नव्हे, बोलायला.

"बाप तिकडे, माय तिकडे. लेकरू काय खुंट्याले बांधून चालली का वं?"

"काकू, तिच्या बापाले नाही विचारलं तुमी."

"तो कमवाले गेला. तू काऊन चालली?"

"शिकाले."

"तेहतीस वर्षाची बाई शिकाले चालली म्हणे. आता काय पाटीवर लिहितं?"

हे मी कोणाला हसायला म्हणून लिहीत नाही. आमच्या गावात आखाताला गेलेला बाप घराघरात आहे. त्यांची लेकरं बापाला फोनवर ओळखतात, आणि तरी त्यांना कोणी 'बिनबापाची' म्हणत नाही. बाप गेला तर तो संसारासाठी गेला. माय गेली तर ती लेकरू टाकून गेली. कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीवर मी आठ वर्षं पत्रकं काढली, मराठीत आणि तेलुगूत, पण या एका गोष्टीवर पत्रक काढायचं राहूनच गेलं. श्रावणीचा बाप तेवढा मस्कतहून म्हणाला, "तू जाय. मी गेलो तवा कोण काय बोललं?"

गाडी हलायच्या आधी श्रावणीने माझ्या ओढणीचं टोक धरलं. मी तिला म्हणाले, "तू बस आजीपाशी, मी आलीच." आमच्याकडे वेचणीला जाणारी बाई लेकराला बांधावरच्या सावलीत बसवते, हेच म्हणते आणि कपाशीच्या ओळीत शिरते. ओळीच्या त्या टोकाला ती दिसेनाशी होते, पण लेकराला ठाऊक असतं की माय याच वावरात आहे. मी वावर सोडून चालले होते आणि वाक्य तेच वापरत होते. श्रावणीने टोक सोडलं. तिला ते खरं वाटलं.

इथल्या विद्यापीठाच्या भाषेत मी 'मॅच्युअर स्टुडंट' आहे. म्हणजे वय झालेली विद्यार्थिनी, हे त्यांनी सभ्यपणे सांगितलं. इंग्लंडच्या उत्तरेतल्या या शहरात मी कामगार हक्कांचा अभ्यास करते. शिष्यवृत्ती आहे, खोली आहे, एका स्वयंपाकघरात पाच जणी आहेत आणि चौघी माझ्याहून दहा-दहा वर्षांनी लहान. पहिल्या आठवड्यात वर्गात एका मुलाने मला विचारलं की लेक्चर तुम्हीच घेणार का. कपडे खोलीतल्या खोलीत वाळवायचे, आणि दोन दिवसांनीही ते ओलसरच अंगात चढवायचे. याची सवय होते. सवय झाली नाही ती वेगळ्याच गोष्टीची. पहिला निबंध मी पत्रकासारखा लिहिला. 'हा उघड उघड अन्याय आहे' अशी सुरुवात. सरांनी बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'असं कोण म्हणतं?' मी म्हणते. आणखी कोणी म्हणायला हवं? पण इथे तेवढं पुरत नाही. आता मी 'असे दिसते की' लिहायला शिकले आहे, आणि दर वेळी ते लिहिताना दात आवळते.

एका वर्षाच्या शिक्षणाला येणाऱ्यांनी मुलं सोबत आणायची नाहीत, असा या देशाचा नियम आहे. त्यामुळे श्रावणीशी बोलायला माझ्याकडे फक्त फोन होता. आमच्याकडे रात्रीच्या भाकरी होतात, तेव्हा इथे दुपार असते, आणि नेमका तेव्हाच माझा चर्चेचा तास. तास संपेपर्यंत पोरगी झोपलेली. मग मी तेच केलं जे मला येतं.

आमच्याकडे दरखास्त, म्हणजे सरकारी अर्ज, एकट्याने द्यायची नसते. एकटी बाई गेली की कारकून म्हणतो, साहेब नाहीत. वीस बाया गेल्या की साहेब असतात. म्हणून मी लेकरं मागे ठेवून आलेल्यांना गोळा केलं. दोन मुलगे लागोसला ठेवून आलेली ग्रेस, एक नेपाळी नर्स, आणखी सहा जण. दोन पानी निवेदन लिहिलं, वर ठळक मथळा, खाली सगळ्यांच्या सह्या. आणि नऊ जणांचा घोळका घेऊन विद्यार्थी कार्यालयाच्या दारात उभी राहिले.

काउंटरवरची मुलगी उठूनच उभी राहिली. अपॉइंटमेंट कोणाची आहे, तिने विचारलं. सगळ्यांची, मी म्हणाले. तिने दोन्ही पानं शांतपणे वाचली, मग म्हणाली, "तुम्हाला सकाळचा गट हवाय का?" आणि समोरच्या संगणकावर माझी वेळ बदलून टाकली. मग ग्रेसची, मग बाकीच्यांची. हे ईमेलवरही झालं असतं, असंही म्हणाली.

जिन्यात ग्रेस हसता हसता खाली बसली. "तू आम्हाला युद्धाला नेलंस," ती म्हणाली, "आणि आपण मीठ विकत घेऊन परत आलो."

मला हसू आलं नाही. कारण निवेदनाचा दुसरा भाग मुलं आणू न देण्याच्या नियमाबद्दल होता, आणि त्यावर त्या मुलीने तेवढ्याच नम्रपणे सांगितलं होतं की तो विषय इथे नसतो. हे वाक्य मी तहसीलच्या पायरीवर पुष्कळदा ऐकलं आहे. भाषा बदलते, खिडकी तीच.

तरी दुपार हातात आली होती. मी रोज फोन लावू लागले. आणि श्रावणी बोलेना. दोन शब्द बोलायची, फोन आजीच्या हातात द्यायची आणि पळायची. पुढे पुढे तर फोनपाशी येईनाशीच झाली. नियम, वर्ग, गंगूकाकू, या सगळ्यांशी मला भांडता येत होतं. सात वर्षांच्या पोरीच्या गप्प बसण्याशी कसं भांडायचं ते कळेना. ती मला विसरत चालली आहे, एवढंच रात्रंदिवस डोक्यात.

शेवटी मायच बोलली. "तिले नाही बोलायचं. फोन केला का तू नुसती विचारतच राह्यतं. जेवली का, लिहिलं का, टीचर काय म्हणे. लेकराले वाटते, कलेक्टर आला तपासणीले."

"मग काय करू?"

"काही नको करू. बसून राह्य. घरी होती तवा काय लय बोलत होती का तिच्यासंगं? पत्रकंच तं लिहीत होती."

तेव्हापासून फोन आमच्या चुलीजवळ ज्वारीच्या पिठाच्या डब्याला टेकून उभा असतो. मी इथे टेबलाशी पुस्तक उघडून बसते, ती तिथे वही घेऊन. कोणी काही विचारत नाही. भाकरी थापल्याचा आवाज येतो. शेजारची तेलुगू मालिका ऐकू येते. डबा सरकला की मला नुसतं छत दिसतं आणि मायच्या लक्षातही येत नाही. पहिले काही दिवस श्रावणी डब्यापासून लांबूनच जायची. मग जवळ बसायला लागली. एकदा मान वर न करता म्हणाली, "मम्मी, तुले पण रोज एवढं लिवा लागते?" मी हो म्हणाले. तिला बरं वाटलेलं दिसलं.

गावातल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि मस्कत-दुबईच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या आपल्या भावांसाठीही. तुम्हाला हार घातले म्हणून तुमचं काळीज कमी तुटलं असेल असं मी म्हणत नाही. तुम्ही ते सांगितलं नाही, एवढंच. पण बाई गेली की तिनं घर मोडलं, हे मात्र यापुढे ऐकून घेणार नाही. घर मोडलेलं नाही. ते आता एका पिठाच्या डब्याला टेकून उभं आहे, आणि डबा सरकला की कोणीतरी तो परत नीट ठेवतं.

परवा गल्लीत पोरींचा कालवा झाला, कुत्रीने पिल्लं दिली होती. श्रावणी वही टाकून उठली. दारापर्यंत गेली आणि परत आली. तिने फोन नीट उभा केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू बस, मी आलीच."

आणि मागे न बघता गेली.

बराच वेळ ती आली नाही. माय भाकरी उतरवत होती, मला निम्मी चूल आणि निम्मं दार दिसत होतं. सकाळच्या वर्गासाठी वाचायचं पुष्कळ होतं. मी फोन ठेवला नाही, तिथेच बसून राहिले.