राबलेला हात

पडेगावला कृत्रिम हात बनवणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. भेटला की हात मिळवतो आणि सोडायचं विसरतो. बोटं उलटसुलट करून पाहत राहतो.

एकदा मी तिथं बसलेलो असताना फुलंब्रीची एक बाई आली. तिचा उजवा हात कडबाकुट्टीत गेलेला. यानं डाव्याचं थ्रीडी स्कॅन केलं, आरशातल्यासारखं उलटवलं आणि स्क्रीनवर दाखवलं.

"हा माझा नाय, भाऊ. उजवा लई राबलेला व्हता."

ती सांगेल तशी तो पेरं जाड करत गेला, अंगठा रुंद केला.

"व्हय, ह्योच."

तेव्हापासून तो भेटेल त्याचे दोन्ही हात बघायला मागतो. परवा माझे पाहिले.

"तुमचे दोन्ही सारखेच हायेत. कोणताही उलटवला तरी चालंल."

मी हात खिशात घातले.